पहिला फॉर्म भरण्याआधी

"मॅडम, लेटर कधी मिळेल?"

एमडी-एमएसच्या पहिल्या वर्षाची मुलं रुजू झाली की दोन महिन्यांत हा प्रश्न माझ्या टेबलापर्यंत येतो. मी जिल्ह्याच्या गावी एका वैद्यकीय महाविद्यालयात औषधशास्त्र शिकवते आणि गेली नऊ वर्षं तिथल्या एथिक्स कमिटीची, म्हणजे माणसांवरच्या संशोधनाला मंजुरी देणाऱ्या समितीची, सदस्य सचिव आहे. मुलं विचारतात ते लेटर म्हणजे या मंजुरीचं पत्र. फाईल माझ्याकडे येते, बैठकीचा अजेंडा मी काढते, पत्रावर सही माझी असते. कुठे अडतं, काय परत जातं आणि चुकीची किंमत कोण मोजतं, ते मला रोज दिसतं. म्हणून हे एका जागी लिहून ठेवते आहे. प्रबंध करणाऱ्या डॉक्टरांसाठी तर आहेच, पण नर्सिंग, फिजिओथेरपी, आयुर्वेद, समाजकार्य अशा कुठल्याही वाटेनं लोकांच्या आरोग्याचा अभ्यास करून तो छापायचा असेल, तर तुमच्याही कामाचं आहे.

आधी माझ्या स्वतःच्या प्रबंधाबद्दल सांगते. रक्तदाबाच्या गोळ्या लोक मध्येच का सोडतात, असा विषय होता. कमिटीची बैठक पुढे ढकलली गेली होती आणि ओपीडीत पेशंट तर रोज येत होते. "लेटर येईलच, तू फॉर्म भरायला लाग," असं वरिष्ठांनी सांगितलं आणि मी लागले. पत्र हातात पडलं तेव्हा ६२ फॉर्म भरून झाले होते. पुढे शोधनिबंध पाठवला तेव्हा संपादकांनी दोनच गोष्टी विचारल्या: मंजुरीची तारीख कोणती आणि पहिला सहभागी कोणत्या तारखेला घेतला. दोन्ही खऱ्या लिहून कळवल्या आणि निबंध परत आला. ते ६२ फॉर्म बाजूला काढावे लागले.

छापून आलं नाही याचं दुःख कधीच ओसरलं. टोचतं ते वेगळंच. त्या ६२ जणांत एक आजी होत्या. माझ्या प्रश्नांची उत्तरं देता देता त्यांची दुपारची एसटी चुकली, पुढची थेट संध्याकाळी होती. गोळ्यांचे पैसे मी नातवाच्या वह्यांना देते, असं त्यांनी मला बाकावर शेजारी बसून, आवाज खाली आणून सांगितलं होतं. त्यांचं ते उत्तर मला कुठेच वापरता आलं नाही.

तेव्हा मंजुरी आधी आणि पहिला फॉर्म नंतर, हा क्रम सोडायचा नाही. आयसीएमआरच्या, म्हणजे भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या, २०१७ च्या राष्ट्रीय मार्गदर्शक तत्त्वांत हे स्वच्छ आहे: झालेल्या कामाला मागाहून मंजुरी देता येत नाही. मागच्या तारखेचं पत्र मागायला कृपा करून कुणाकडे जाऊ नका. देणारा आणि घेणारा दोघंही त्यात अडकतात.

मंजुरी लागते की नाही, हे तुम्ही ठरवायचं नाही

"मी तर फक्त प्रश्नावली भरून घेणार आहे." "मी तर जुन्या फायलीच बघणार आहे." ही दोन वाक्यं आठवड्यातून एकदा तरी ऐकते. दोन्ही कामांना कमिटीकडे यावं लागतं. कमिटीकडे तीन वाटा असतात. छापून झालेल्या, सगळ्यांना खुल्या असलेल्या माहितीवरचा अभ्यास असेल तर तपासणीतून सूट मिळू शकते. जोखीम अगदी कमी असेल, म्हणजे नावं काढून टाकलेल्या नोंदी किंवा तपासणीनंतर उरलेले नमुने वापरायचे असतील, तर दोन-तीन सदस्य लवकर तपासणी करतात. बाकी सगळं पूर्ण बैठकीत जातं. यातली कोणती वाट तुमची, हे कमिटी ठरवते. संमतीपत्र घेण्यापासून सूट हवी असेल तर तीसुद्धा मागावी लागते. अर्जात कारण लिहून मागा, योग्य असेल तिथे मिळते. सूट मिळाली तरी तिचं पत्र घेऊन ठेवा, शोधनिबंध छापणारी मासिकं तेही मागतात.

वेळापत्रक उलटं मांडा. ज्या दिवशी पहिला पेशंट घ्यायचाय त्या दिवसापासून मागे मोजत या. बहुतेक महाविद्यालयांत बैठक महिन्या-दोन महिन्यांतून एकदा होते आणि त्याआधी काही दिवस फायली घेणं बंद होतं, कारण सदस्यांना वाचायला वेळ लागतो. बैठकीनंतर सरळ मंजुरी क्वचितच मिळते. किरकोळ दुरुस्त्या निघतात, त्या करून पुन्हा द्याव्या लागतात. शिवाय कमिटीच्या आधी गाईड, विभागप्रमुख आणि वैज्ञानिक समिती यांच्या सह्या. विद्यापीठाची सिनॉप्सिसची, म्हणजे प्रबंधाचा आराखडा देण्याची, मुदत डोक्यावर असते, त्यामुळे रुजू झाल्यावर पहिल्याच महिन्यात विषय ठरवायला बसा.

आमच्याकडे फाईल परत जाते ती बहुधा पुढल्या कारणांनी. इंग्रजी आणि मराठी माहितीपत्रकात सहभागींची संख्या वेगवेगळी. गाईडची सही आहे, तारीख नाही. प्रश्नावली जोडलेलीच नाही, "नंतर देतो" म्हणून. आणि मराठी संमतीपत्र मोबाईलवर भाषांतर करून आणलेलं. या शेवटच्या गोष्टीवर जरा थांबते, कारण सगळ्यात जास्त काम तिथेच लागतं.

चहाच्या चमच्याएवढं रक्त

कमिटीत ७ ते १५ सदस्य असतात. अध्यक्ष संस्थेबाहेरचे असावे लागतात. डॉक्टर असतात, वकील असतात, समाजशास्त्राचे जाणकार असतात आणि एक सर्वसामान्य व्यक्तीही असते. आमच्याकडे त्या जागेवर मराठी शाळेतून निवृत्त झालेल्या एक मुख्याध्यापिका आहेत. सगळ्या फाईलमधलं मराठी संमतीपत्र त्या पहिल्यांदा वाचतात, हातात पेन्सिल धरून. जिथे अडखळतात तिथे खूण करतात. बैठकीत त्या एवढंच म्हणतात, "हे मला दोनदा वाचावं लागलं." त्यांना दोनदा वाचावं लागलेलं वाक्य आम्ही परत पाठवतो.

मागच्या वर्षी गरोदर स्त्रियांमधल्या ॲनिमियावरच्या एका प्रबंधात असं लिहून आलं होतं: "सदर संशोधन प्रकल्पांतर्गत माझ्या शरीरातून ५ मिलिलिटर शिरागत रक्तनमुना संकलित करण्यात येईल, याबाबत मला अवगत करण्यात आले असून सहभाग ऐच्छिक आहे हे मी जाणते."

बाईंच्या पेन्सिलीनं जवळजवळ प्रत्येक शब्दाखाली रेघ ओढली होती. आम्ही त्या विद्यार्थिनीला बोलावलं आणि तिघींनी बसून ते पुन्हा लिहिलं. ते असं झालं: "तुमच्या हाताच्या शिरेतून चहाच्या एका चमच्याएवढं रक्त घेऊ. सुई टोचताना दुखेल. कधी कधी तिथे काळंनिळं पडतं, ते काही दिवसांत जातं. हे रक्त अभ्यासासाठी घेत आहोत. तुमच्या नेहमीच्या तपासणीचं रक्त वेगळं घेतलं जाईल. रक्त द्यायचं नसेल तर नाही म्हणा. नाही म्हटलंत तरी तुमची तपासणी, बाळंतपण, लोहाच्या गोळ्या आणि सरकारी योजनेचा लाभ, सगळं जसं मिळतं तसंच मिळेल. आज हो म्हटलंत आणि उद्या मन बदललं, तरी चालेल. कारण सांगावं लागणार नाही."

शब्द वाढले, पण ओपीडीतल्या बाईला ऐकताच कळेल असे आहेत. "अभ्यासासाठी" आणि "नेहमीची तपासणी वेगळी" ही दोन वाक्यं मी कुणालाच गाळू देत नाही. डॉक्टर रक्त मागतायत म्हणजे माझ्याच भल्यासाठी, असं पेशंट धरून चालतो आणि आपण गप्प बसलो की तो गैरसमज तसाच राहतो.

औषधांची चाचणी असेल तर "यादृच्छिक वाटप" लिहू नका. "कुणाला कोणती गोळी द्यायची ते चिठ्ठी टाकल्यासारखं ठरेल, डॉक्टर ठरवणार नाहीत" असं लिहा. "प्लासिबो" ऐवजी "तशीच दिसणारी, पण औषध नसलेली गोळी" लिहा. गोपनीयतेबद्दल "तुमचं नाव कुणालाही कळणार नाही" हे खोटं वचन आहे, कारण अभ्यास करणाऱ्यांना कळतंच. "तुमचं नाव अभ्यास करणाऱ्यांशिवाय आणि कायद्यानं तपासणी करणाऱ्यांशिवाय कुणाला कळणार नाही, छापताना नाव नसेल" हे खरं आहे. संशोधकाचा फोन नंबर द्या आणि तक्रार करायची असेल तर कमिटीचाही द्या. काही इजा झाली तर उपचार कोण करणार, खर्च कोण देणार, तेही लिहा. मराठी मजकूर झाला की तो मूळ इंग्रजी न पाहिलेल्या माणसाकडून परत इंग्रजीत करून घ्या. दोन्ही इंग्रजी शेजारी ठेवले की मधे काय सांडलं ते लगेच दिसतं.

सही कुठे घेता, यालाही महत्त्व आहे. ओपीडीच्या खिडकीशी मागे वीस माणसं उभी असताना घेतलेली सही मला मान्य नाही. सुनेला सासूसमोर विचारलं तर सून काय उत्तर देणार? बाजूला घ्या, बसवा, पाणी विचारा, वाचून दाखवा आणि मग "मी काय सांगितलं ते तुमच्या शब्दांत सांगा बरं" असं म्हणा. जिला वाचता येत नाही तिचा अंगठा घेताना, तुमच्या अभ्यासगटातला नसलेला साक्षीदार सुरुवातीपासून शेजारी असला पाहिजे. नंतर सही करायला बोलावलेला वॉर्डबॉय साक्षीदार होत नाही. माहितीपत्रक आणि सही केलेल्या संमतीपत्राची प्रत पेशंटला द्यायची असते. दहातले निम्मे विद्यार्थी तरी ही प्रत द्यायची विसरतात, म्हणून मी त्यांना सुरुवातीलाच दोन-दोन प्रती काढून आणायला सांगते.

जागेची परवानगी

कमिटीचं पत्र मिळालं म्हणजे कुठल्याही दारातून आत शिरता येतं असं नाही. प्राथमिक आरोग्य केंद्रात काम असेल तर जिल्हा परिषदेच्या जिल्हा आरोग्य अधिकाऱ्यांची परवानगी. जिल्हा रुग्णालय असेल तर जिल्हा शल्यचिकित्सक. अंगणवाड्या असतील तर बालविकास प्रकल्प अधिकारी. जिल्हा परिषदेची शाळा असेल तर शिक्षणाधिकारी आणि मग मुख्याध्यापक. शासकीय आश्रमशाळा असेल तर एकात्मिक आदिवासी विकास प्रकल्पाचे प्रकल्प अधिकारी. शहरात महापालिकेचे आरोग्य अधिकारी.

अर्ज एका पानाचा ठेवा. "विषय: अमुक तालुक्यातील दोन प्राथमिक आरोग्य केंद्रांत संशोधनासाठी परवानगी मिळणेबाबत" अशी सुरुवात करा आणि पुढे पाच गोष्टी सांगा: काय विचारणार, किती जणांना, कोणत्या महिन्यांत, तिथल्या कर्मचाऱ्यांच्या कामात अडथळा येणार का, आणि झाल्यावर निष्कर्ष त्यांना कसे देणार. शेवटची ओळ बरेच जण गाळतात. ज्या कार्यालयाला मागच्या संशोधकानं पुन्हा तोंड दाखवलं नाही, ते कार्यालय पुढच्याला ताटकळत ठेवणारच. कमिटीचं पत्र आणि प्रश्नावली जोडा. अर्ज आवक विभागात द्या आणि दुसऱ्या प्रतीवर शिक्का, आवक क्रमांक, तारीख घ्या. पोच नसेल तर तुमचा अर्ज कुणाकडे आहे हे विचारतासुद्धा येत नाही. आठवड्यानं जाऊन कोणत्या टेबलावर आहे ते नम्रपणे विचारा. आणि तोंडी "करा हो" यावर काम सुरू करू नका. साहेब बदलून गेले की तो शब्दही त्यांच्याबरोबर जातो.

गावात जाताना सरपंचांना, आशाताईंना भेटाच. पण सरपंचांची परवानगी म्हणजे गावाची संमती नव्हे, आणि मुख्याध्यापकांची सही म्हणजे मुलांची संमती नव्हे. २००९ मध्ये तेव्हाच्या आंध्र प्रदेशातल्या खम्मम जिल्ह्यात मुलींना एचपीव्ही, म्हणजे गर्भाशयमुखाच्या कर्करोगापासून बचावाची, लस देण्याचा प्रकल्प झाला होता, गुजरातमध्ये वडोदऱ्यातही. खम्ममला आश्रमशाळांत, वसतिगृहांत राहणाऱ्या कितीतरी मुलींच्या संमतीपत्रांवर आईवडिलांऐवजी वॉर्डन आणि मुख्याध्यापकांच्या सह्या निघाल्या. एप्रिल २०१० मध्ये प्रकल्प थांबवावा लागला आणि २०१३ मध्ये संसदीय समितीनं आपल्या अहवालात त्यावर कडक ताशेरे ओढले. लस चांगली की वाईट, हा प्रश्न इथे नाही. त्या मुलींचे आईबाप गावात होते, आणि त्यांना विचारलंच गेलं नव्हतं. आमच्याकडे आश्रमशाळेवरचा प्रबंध आला की मी पहिल्यांदा हेच बघते: पालकांपर्यंत तुम्ही कसे पोहोचणार? सुट्टीला मुलं घरी जातात तेव्हा, की पालक सभेला? प्रवासाचा वेळ धरलाय का?

पालकांनी हो म्हटल्यावर मुलालाही विचारायचं असतं. ७ ते १२ वर्षांच्या मुलाची तोंडी मान्यता, १२ ते १८ वयाच्या मुलाची लेखी. आईनं सही केली आणि मुलगी मान हलवून हात मागे घेते आहे, अशा वेळी सुई खाली ठेवा.

चाचणी असेल तर अजून एक पायरी

कुठलाही उपचार, व्यायाम, आहार, योगासनं किंवा समुपदेशन देऊन त्याचा परिणाम मोजणार असाल, तर क्लिनिकल ट्रायल्स रजिस्ट्री ऑफ इंडिया, म्हणजे सीटीआरआयवर नोंदणी करा. ही नोंदवही २००७ मध्ये सुरू झाली, पैसे लागत नाहीत. १ एप्रिल २०१८ पासून तिथे फक्त पहिला सहभागी घेण्याआधीचीच नोंदणी होते. "औषध नाही, फक्त प्राणायाम आहे" असं म्हणून फिजिओथेरपीची आणि आयुर्वेदाची मुलं हमखास इथे अडकतात. नोंदणीला कमिटीचं पत्र लागतं, तिथून शंका विचारल्या जातात, उत्तरं द्यावी लागतात. त्यामुळे पत्र मिळालं त्याच आठवड्यात अर्ज करा आणि नंबर मिळेपर्यंत थांबा. मोठी मासिकं २००५ पासून नोंदणी नसलेली चाचणी घेत नाहीत.

नवीन औषधाची चाचणी असेल तर २०१९ चे नवीन औषधे व क्लिनिकल चाचण्यांचे नियम लागू होतात आणि कमिटीही त्यासाठी केंद्रीय औषध नियंत्रकांकडे नोंदलेली असावी लागते. ते वेगळंच मोठं प्रकरण आहे, प्रबंधाच्या पातळीवर सहसा येत नाही.

परदेशातल्या आपल्या माणसांचे फोन मात्र येतात. तिकडे विद्यापीठात असलेला एखादा माजी विद्यार्थी म्हणतो, "मॅडम, शंभर नमुने पाठवा, इथे फुकट तपासून देतो." हेतू चांगला असतो. पण परदेशी संस्थेबरोबर संशोधन करायचं किंवा नमुने बाहेर पाठवायचे, तर दोन्हीकडच्या कमिट्यांबरोबर आयसीएमआरमार्फत आरोग्य मंत्रालयाच्या छाननी समितीकडे जावं लागतं. ती वेळ आधीच धरा. नमुने डब्यात भरून विमानानं नेण्याची कल्पना डोक्यातून काढून टाका.

दुसऱ्याची मोजपट्टी, दुसऱ्याचं चित्र

प्रश्नावली इंटरनेटवर सापडली म्हणजे ती सगळ्यांची झाली, असा समज सरसकट आहे. विस्मरण तपासायची एमएमएसई ही चाचणी १९७५ ची, प्रत्येक वॉर्डात वापरली जाते. तिचे हक्क अमेरिकेतल्या एका प्रकाशन कंपनीकडे आहेत आणि ती परवाना घेऊनच वापरायची असते. बेकची नैराश्याची प्रश्नावली पिअरसन या प्रकाशन कंपनीची आहे. जीवनमान मोजायची ईक्यू-५डी वापरायची तर तिची मालक असलेल्या युरोक्वॉल संस्थेकडे आधी नोंदणी करायची आणि भाषांतर स्वतः न करता त्यांचंच घ्यायचं. उलट नैराश्यासाठीची पीएचक्यू-९ ही वापरायला, छापायला, भाषांतर करायला परवानगी लागत नाही. माझ्या प्रबंधाच्या विषयातली, औषधं नियमित घेतली जातात का हे मोजणारी मॉरिस्की यांची आठ प्रश्नांची श्रेणी, म्हणजे मोजपट्टी, परवान्याशिवाय वापरली म्हणून छापून झालेले शोधनिबंध मागे घ्यावे लागल्याची उदाहरणं आहेत. म्हणून सिनॉप्सिसमध्ये श्रेणीचं नाव लिहिण्याआधी तिच्या मालकाचं पान उघडून अटी वाचा. पैसे लागत असतील आणि परवडत नसतील, तर त्याच कामाची मोफत श्रेणी शोधा, बहुतेक वेळा मिळते. मराठी भाषांतर करणं हाही मालकाचाच हक्क आहे. "आम्ही मराठीत केली, म्हणजे आमची झाली" असं होत नाही.

चित्रांचंही तसंच. भारतीय कॉपीराइट कायदा १९५७ चा, त्याच्या ५२ व्या कलमात संशोधनासाठीच्या खासगी वापराला सवलत आहे. पण पुस्तकातली आकृती तुमच्या शोधनिबंधात छापून जगभर जाते तेव्हा तो खासगी वापर राहत नाही आणि मासिक परवानगीचं पत्र मागतं. हातानं पुन्हा काढली आणि खाली "यावर आधारित" लिहिलं, तरी परवानगी लागतेच. आकडे आणि तथ्यं कुणाच्या मालकीची नसतात, त्यामुळे मूळ आकडे घेऊन स्वतःचा वेगळा आलेख काढला आणि स्रोत सांगितला तर चालतं. मी विद्यार्थ्यांना बहुतेक वेळा हीच वाट सुचवते.

सगळ्यांना मोफत वाचता येणारा मुक्त लेख असेल तर त्यावरचा क्रिएटिव्ह कॉमन्स परवाना, म्हणजे लेख पुन्हा कसा वापरता येईल ते सांगणारी अट, नीट वाचा. नुसता "बाय" असेल तर श्रेय दिलं की पुरे. "एनसी" म्हणजे व्यापारी वापर नाही, "एनडी" म्हणजे बदल नाही. भाषांतर हाही बदलच. बाकी लेखांसाठी प्रकाशकाच्या पानावर परवानगीचं बटण असतं, तिथे आकृतीचा क्रमांक, तुमच्या लेखाचं नाव, मासिक आणि छापील की ऑनलाइन ते भरायचं. पत्रानं विचारत असाल तर पहिल्याच पत्रात हे सगळं लिहा, म्हणजे उत्तर एका फेरीत येतं. महिना जाईल असं धरून चाला. उत्तर आलं नाही म्हणजे हो, असं कधीच समजू नका. आणि लेख छापताना तुम्ही स्वतः हक्क प्रकाशकाला लिहून दिले असतील, तर तुमचीच आकृती दुसरीकडे वापरण्याआधी तो करार उघडून बघा.

हेच मराठीबद्दल सांगते, कारण आमच्यातल्या काही जणांना आपलं काम मराठी वाचकांपर्यंत न्यावंसं वाटतं आणि वाटायलाच हवं. इंग्रजीत छापलेला शोधनिबंध मराठीत पुन्हा द्यायला हरकत नाही. दोन्ही संपादकांची संमती घ्या आणि पहिल्यांदा कुठे छापला ते खाली ठळक लिहा. लपवून दिला तर तो दुबार प्रकाशनाचा ठपका ठरतो.

फोटोतलं गोंदण

एका रुग्णाच्या चेहऱ्यावरच्या गाठीबद्दल केस रिपोर्ट, म्हणजे त्या एकाच रुग्णाची हकिगत सांगणारा लेख, छापून आला होता. डोळ्यांवर काळी पट्टी होती, नाव नव्हतं. पण हात गालाशी धरलेला होता आणि मनगटावर गोंदलेलं नाव स्पष्ट दिसत होतं. गावातल्या एका पोरानं तो फोटो मोबाईलवर पाहिला आणि आठवड्यात सगळ्या आळीत फिरला. बाई पुढच्या तपासणीला आल्या नाहीत. नंतर त्यांच्या मुलाकडून कळलं. शस्त्रक्रियेच्या संमतीपत्रावर त्यांचा अंगठा होता. छापण्याबद्दल त्यांना कुणी विचारलं नव्हतं.

शस्त्रक्रियेची संमती, फोटो काढायची संमती आणि छापायची संमती या तीन वेगळ्या गोष्टी आहेत. मासिकांचे संपादक डोळ्यांवरची पट्टी पुरेशी मानत नाहीत, आणि ते बरोबर आहे. छापायची संमती घेताना पेशंटला तोच फोटो दाखवा आणि शक्य असेल तर लेखाचा सारांश मराठीत वाचून दाखवा. "हा इंटरनेटवर येईल, कोणीही पाहू शकेल, एकदा आला की परत घेता येणार नाही" हे तोंडानं सांगा. गोंदण, डाग, मंगळसूत्राचं पदक, मागच्या भिंतीवरचं वॉर्डाचं नाव, सगळं कातरून काढा. पेशंट दगावला असेल तर जवळच्या नातेवाइकांना विचारा. अनेक मासिकांचा स्वतःचा संमतीचा नमुना असतो, तो पेशंट डिस्चार्ज होण्याआधी भरून घ्या. सहा महिन्यांनी फोन बंद लागतो आणि मग मुलं माझ्याकडे येऊन विचारतात, आता काय करू. आता काही करता येत नाही.

लेखकांचंही विचारूनच. प्रत्येक सहलेखकानं अंतिम मसुदा वाचून हो म्हटलेलं असावं. आभारात ज्यांचं नाव घालता त्यांनाही लेखी विचारा, कारण नाव वाचून त्यांचा निष्कर्षांना पाठिंबा आहे असं वाचक समजतात.

मंजुरीनंतरही कमिटी आहेच. प्रश्न वाढवला, जागा बदलली, संख्या वाढवली, तर बदल करण्याआधी कळवा. काही गंभीर घडलं तर २४ तासांत कळवा. वर्षानं अहवाल द्या.

शोधनिबंधात किती जणांना विचारलं आणि किती जणांनी नकार दिला, हा आकडा लिहायचा असतो. म्हणून नकारांची साधी वही ठेवा: तारीख आणि एक रेघ, नाव नको, कारण नको. विद्यार्थी प्रबंध घेऊन आले की मी पहिल्यांदा ते पान उघडते. २२० जणांना विचारलं, १८ नाही म्हणाले, असं दिसलं की पुढे वाचायला घेते. नकार शून्य दिसला, तर मुलाला समोर बसवते आणि संमती मागताना तो काय बोलत होता, ते मला जसंच्या तसं म्हणून दाखवायला सांगते.